‘मला कुठे काय झालंय?’ : एका घरातल्या उलट्या-जुलाबांचं प्रकरण

खालचं घर नमुन्यादाखल उभं केलं आहे. त्यातली माणसं कुणी विशिष्ट नाहीत. चुका मात्र घरोघरी होतात त्याच घेतल्या आहेत, आणि तासांचा हिशेब या आजाराच्या वागणुकीला धरून आहे.

घर आणि तक्रार

नवरा ३६ वर्षांचा, बायको ३४. मुलगी चार वर्षांची, मुलगा नऊ महिन्यांचा. नवऱ्याची आई ६८ वर्षांची, तिला रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू. घरात दोन संडास. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात.

तक्रार बायकोची. "घरात कुणी आजारी पडलं की आजारापेक्षा याचीच धास्ती वाटते. सांगून सांगून तोंड दुखलं. याला काही पडलेलीच नाही." नवऱ्याचं म्हणणं छोटं: "मला कुठे काय झालंय? घरात एकाला झालं की सगळ्यांना होतंच. हिचं जरा अतीच असतं."

काय घडलं

शुक्रवारी दुपारी मुलीच्या शाळेतून नवऱ्याच्या फोनवर संदेश आला की वर्गात उलट्या-जुलाबांची साथ आहे. त्याने वाचला आणि कामात विसरला. रविवार उलटून सोमवार लागला तेव्हा, रात्री एक वाजता, मुलीला अंथरुणातच उलटी झाली. बायको बाळाला घेऊन दुसऱ्या खोलीत झोपली होती. नवरा उठला, हाताला लागलेल्या आंघोळीच्या टॉवेलने उलटी पुसली आणि टॉवेल धुण्याच्या टोपलीत, इतर कपड्यांवर टाकला. बेसिनवरचा साबण संपला होता म्हणून नुसत्या पाण्याखाली हात धरले, आणि मुलीला उचलून बायको-बाळाच्या पलंगावर आणून झोपवलं. सकाळी सात वाजता त्यानेच बाळाची बाटली भरली. तोवर बायकोला रात्रीचं काही ठाऊक नव्हतं.

कळल्यावर तिने दाराच्या कड्या, खेळणी, पलंगाची कड, सगळीकडे सॅनिटायझर फवारला.

मुलीची शेवटची उलटी सोमवारी दुपारी दोनला, शेवटचा जुलाब मंगळवारी सकाळी आठला. मंगळवारी दुपारी बारा वाजता आईंना उलट्या सुरू झाल्या, संध्याकाळी सातला बायकोला, आणि बुधवारी पहाटे सहाला बाळाला. मधल्या काळात बायको नवऱ्याला म्हणाली, "अरे, संडासातून आल्यावर साबणाने हात धू." तो "हो हो" म्हणाला आणि तसाच बाहेर गेला. बुधवारी सकाळी नऊला त्याने मुलीला शाळेत सोडलं, कारण त्याची टाळता न येणारी बैठक होती आणि घरात सांभाळायला उभं राहू शकेल असं कुणी नव्हतं. दुपारी त्यालाही थोडी मळमळ झाली, एकदा पातळ शौचाला झालं. घरी बोलला नाही. रात्रीचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा स्वयंपाक त्यानेच केला.

बुधवारी संध्याकाळी लक्षात आलं की आईंना नऊ तास लघवी झालेली नाही आणि उभं राहिलं की चक्कर येते. चोवीस तास उलट्या झालेली बायकोच त्यांना घेऊन दवाखान्यात गेली. नवरा मुलांपाशी थांबला. शिरेतून सलाईन द्यावं लागलं. डॉक्टरांनी सूचना दिल्या त्या सगळ्या बायकोला.

शुक्रवारी भांडण झालं.

आजार कोणता असावा

तपासणी कुणाचीच केली नव्हती, आणि अशा वेळी बहुधा करतही नाहीत. पण उलट्यांचा जोर, लागण झाल्यापासून दीड-दोन दिवसांत लक्षणं, दोन-तीन दिवसांत बरं वाटणं, ही चाल नोरोव्हायरस या उलट्या-जुलाबांच्या विषाणूची. साथीच्या अभ्यासात १९८२ पासून वापरात असलेले कॅपलान निकष हेच पाहतात: निम्म्याहून अधिक रुग्णांना उलट्या, लागणीपासून लक्षणांपर्यंत सरासरी २४ ते ४८ तास, आजार सरासरी १२ ते ६० तासांचा आणि शौचात कोणताही रोगकारक जिवाणू न सापडणं. यातला शेवटचा निकष इथे तपासलेला नाही, एवढं ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

या विषाणूच्या तीन गोष्टींवर सगळं प्रकरण उभं आहे. लागण व्हायला फार थोडे कण पुरतात, काही अंदाजांनुसार शंभराच्याही आत, आणि आजारी माणसाच्या एक ग्रॅम शौचात ते अब्जावधी असू शकतात. दुसरं, माणूस लक्षणं दिसण्याआधीच विषाणू बाहेर टाकायला लागतो आणि बरा झाल्यावरही दोन आठवडे किंवा जास्त टाकत राहतो. सर्वांत धोक्याचा काळ म्हणजे प्रत्यक्ष आजार आणि लक्षणं थांबल्यानंतरचे ४८ तास. तिसरी गोष्ट बायकोला माहीत असायला हवी होती. या विषाणूवर सॅनिटायझर फारसा चालत नाही. फ्लू किंवा कोरोना विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं आणि अल्कोहोल ते विरघळवतं. नोरोभोवती असं आवरणच नाही, नुसतं प्रथिनांचं टणक कवच आहे. २०२० नंतर घराघरांत सॅनिटायझरची सवय लागली ती चांगलीच. पण ती वेगळ्या शत्रूसाठी लागलेली सवय आहे.

म्हणजे या घरात काळजी घेणारीची काळजीही चुकीच्या जागी खर्च होत होती. भांडणात नवऱ्याने नेमकं तेच पकडलं: "तू एवढं फवारलंस, तरी झालंच ना?" त्यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि तिचं बाकीचं खरं म्हणणंही त्या एका वाक्यात वाहून गेलं.

तासांचा हिशेब

बायकोचा मुख्य आरोप होता, "तू तिला आमच्या पलंगावर आणलंस म्हणून बाळाला झालं." हिशेब मांडून पाहू. लागण ते लक्षणं हा काळ साधारण १२ ते ४८ तास. मुलीच्या पहिल्या उलटीपासून आईंना ३५ तासांनी, बायकोला ४२ तासांनी, बाळाला ५३ तासांनी त्रास सुरू झाला. पहिले दोन आकडे मर्यादेत बसतात. बाळाचा बाहेर पडतो. त्याला लागण त्या रात्री नव्हे, नंतर झाली असण्याची शक्यता जास्त: सोमवारची बाटली, मंगळवारचे हात, किंवा लक्षणं दिसण्याआधीच विषाणू टाकायला लागलेली बायको. म्हणजे आरोप होता तसा टिकत नाही.

पण नवऱ्याचं "सगळ्यांना होतंच" हेही टिकत नाही. सगळ्यांना एकाच वेळी झालेलं नाही. मुलीपासून बाळापर्यंत दोन दिवसांहून अधिक अंतर आहे, आणि त्या अंतरात बाटली, टॉवेल, टोपली अशा साखळी तोडता येतील अशा जागा होत्या. कुणाकडून कुणाला झालं हे या आकड्यांतून सिद्ध करता येत नाही. कुठे अडवता आलं असतं, ते दिसतं.

आता "मला कुठे काय झालंय?" याबद्दल. या विषाणूची लागण झालेल्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांपर्यंत लोकांना लक्षणंच येत नाहीत, किंवा नावाला येतात. शिवाय काही माणसांत एफयूटी२ नावाचं जनुक काम करत नाही. त्यांच्या आतड्याच्या अस्तरावर विषाणूला पकड घ्यायला लागणारी शर्करेची रचना नसते, आणि अनेक प्रकारच्या नोरोपासून ते बचावतात. तेव्हा आपण दरवेळी ठणठणीत राहिलो, याचा अर्थ आपल्या हातांवरून काही गेलं नाही असा होत नाही. उलट ठणठणीत माणूसच अशा वेळी स्वयंपाक करतो, बाटल्या भरतो, सगळ्यांच्या उशाशी जातो. या घरातला तो एक पातळ शौच म्हणजे त्याला लागण झाली होती याचा बऱ्यापैकी पुरावा आहे. त्याने तो मोजलाच नाही.

"होऊन जाऊ दे, प्रतिकारशक्ती वाढते" हेही तो म्हणाला होता. नोरोचे प्रकार बरेच आहेत. एकाविरुद्धचं संरक्षण दुसऱ्याला फारसं लागू पडत नाही आणि आयुष्यभर टिकतही नाही. लहान बाळ आणि गोळी चालू असलेली ६८ वर्षांची आई घरात असताना हा सौदा तोट्याचाच.

सात चुका, तीन कारणं

नवऱ्याच्या नोंदवता येतील अशा चुका सात: संदेश न सांगणं, टॉवेल, पाण्याने धुतलेले हात, बाळाची बाटली, "हो हो", शाळा, आणि पोट बिघडलेलं असताना केलेला स्वयंपाक. बायकोच्या मनात या सातांचं मिळून एकच नाव होतं: बेपर्वाई. तिथेच बोलणं अडकत होतं, कारण बेपर्वाईवर उपाय एकच उरतो, माणसाने वेगळं व्हायचं. ते भांडून होत नाही.

वेगळं करून पाहिलं तर टॉवेल, बाटली आणि स्वयंपाक ही माहिती नसण्याची उदाहरणं. उलटी पुसलेलं कापड टोपलीत टाकलं की टोपलीतलं सगळं दूषित धरायचं, एकदाच पातळ झालं तरी ते लक्षण मोजायचं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते "काळजी घे", आणि तो आपल्या मते घेत होता. रात्री एकला तोच उठला होता, हे बायकोने भांडणात एकदाही म्हटलं नाही. त्याला सर्वांत जास्त ते लागलं.

नुसत्या पाण्याने धुतलेले हात आणि शाळा ही सोय नसण्याची उदाहरणं. बेसिनवर साबण नव्हता. घरी मुलीपाशी थांबायला माणूस नव्हतं. अशा ठिकाणी कितीही समजावलं तरी पुढच्या वेळी तेच होणार, कारण अडचण जशीच्या तशी उभी असते.

उरले संदेश आणि "हो हो". इथे बायकोचा राग रास्त आहे आणि तो समजुतीने विझवायचा प्रयत्न करू नये. कळलं होतं, कष्ट फारसे नव्हते, तरी केलं नाही. मात्र "हात धू" या दोन शब्दांत ऐकणाऱ्याला काय ऐकू येतं तेही पाहावं: तू घाण आहेस, तुझ्यामुळे होतंय. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरिनच्या द्रावणात हात धुवायला लावले. बाळंतिणींचं मृत्यूचं प्रमाण एप्रिलमधल्या १८ टक्क्यांवरून काही महिन्यांत २ टक्क्यांच्या आसपास आलं, तरी आपल्याच हातांनी रोग पोचतो हे अनेक सहकाऱ्यांना पचलं नाही. आकडे समोर असलेल्या डॉक्टरांची ही गत, तर मंगळवारी संध्याकाळी दमून आलेल्या नवऱ्याची काय असणार! सबब म्हणून हे सांगत नाही. सूचना बायकोच्या तोंडून, दर वेळी, आयत्या क्षणी येणं हीच रचना मुळात वाईट आहे, एवढंच यातून घ्यायचं.

आणखी एक. बायको प्रत्येक आजाराला एकच नियमावली लावत होती: खिडक्या उघडा, मास्क लावा, सॅनिटायझर, वेगळा टॉवेल. साध्या सर्दीलाही तेच, गोवरालाही तेच. नवऱ्याला ते "हिचं नेहमीचंच" वाटायला लागलं ते याचमुळे. आजार बदलला की धोक्याचे तास बदलतात. फ्लूचा माणूस लक्षणांच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस लागण देतो. कांजिण्या पुरळ यायच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. गोवर पुरळाच्या आधी चार दिवस आणि नंतर चार दिवस, आणि रुग्ण खोलीतून गेल्यावरही हवेत दोन तासांपर्यंत. डांग्या खोकला योग्य प्रतिजैविक सुरू करून पाच दिवस होईपर्यंत. उलट्या-जुलाबांत मास्कचा उपयोग मुख्यतः उलटी साफ करताना. बाकी भर हात, पृष्ठभाग आणि स्वयंपाकघर यांवर. नेमका नियम पाळला जातो. सरसकट नियम पाळणारा कंटाळतो.

बोलणं कधी आणि कसं झालं

शुक्रवारचं भांडण आजारपणातच झालं, म्हणून वाया गेलं. दुसरं बोलणं सगळे बरे झाल्यावर पाच दिवसांनी, मुलं झोपल्यावर, पाऊण तास. अटी दोनच: "तू नेहमी" ने वाक्य सुरू करायचं नाही, आणि आधी तासांचा तक्ता मांडायचा, मग मत. तक्ता मांडताना पलंगाचा आरोप टिकत नाही हे बायकोनेच मान्य केलं. त्यानंतर नवऱ्याने न विचारता बुधवारचा पातळ शौच सांगितला. आधी कबुली मागितली असती तर ती आली नसती.

डॉक्टरांच्या सूचना नवऱ्यापर्यंत बायकोच्या तोंडून पोचल्या होत्या, म्हणजे त्या पुन्हा तिच्याच सूचना झाल्या. पुढे असं काही झालं तर दवाखान्यात त्याने जायचं, असं ठरलं. जो प्रश्न विचारतो आणि उत्तर ऐकतो, तो ते उत्तर आपलं म्हणून घरी आणतो.

कागदावर काय उतरलं

एक पान, संडासाच्या दारावर आतल्या बाजूने. पहिल्या ओळीत आजाराचं नाव भरायची मोकळी जागा. दुसऱ्या ओळीत शेवटच्या लक्षणाची वेळ आणि तिच्यात ४८ तास मिळवून आलेला वार आणि वेळ. मुलीच्या बाबतीत मंगळवार सकाळी आठ म्हणून गुरुवार सकाळी आठ. ती बुधवारी नऊला शाळेत गेली तेव्हा २५ तासच झाले होते. शेवटचं लक्षण म्हणजे उलटी किंवा जुलाब, जे नंतरचं असेल ते. ताप उतरला, हसायला लागली, यावरून मोजायचं नाही. तोच ४८ तासांचा नियम स्वयंपाक करणाऱ्यालाही.

हात धुण्याचे प्रसंग दोनच ठेवले: संडास, डायपर किंवा उलटी यांनंतर, आणि कुणाच्याही तोंडात जाणाऱ्या वस्तूला हात लावण्याआधी. साबण आणि वाहतं पाणी, २० सेकंद, बोटांच्या बेचक्या आणि अंगठे धरून, नळ कोपराने बंद. दिवसभर सतत हात धुवायला सांगितलं की दोन दिवसांत सुटतं. दोन प्रसंग लक्षात राहतात. बेसिनजवळ साबणाची एक बाटली जादा, आणि ती संपली तर आणायची जबाबदारी नवऱ्याची.

उलटी साफ करण्याचं साहित्य झाकणाच्या एका बादलीत, मुलांचा हात पोचणार नाही अशा कपाटात: एकदाच वापरायचे हातमोजे दहा जोड्या, मास्क, कागदी रुमालांचे दोन रोल, कचऱ्याच्या पिशव्या दहा, ब्लीचची बाटली, मापाचा पेला, जलसंजीवनीची सहा पाकिटं. क्रम असा:

१. मुलांना खोलीबाहेर काढा, खिडकी उघडा, हातमोजे आणि मास्क घाला. उलटीचे बारीक थेंब दोन-तीन मीटरपर्यंत उडतात. तेवढी जागा साफ करायची असं धरा.
२. उलटीवर कागद पसरा, मुरू द्या, कडेकडून मध्याकडे गोळा करून पिशवीत टाका. झाडू, पोछा, व्हॅक्यूम नको, ते पसरवतात.
३. साबणाच्या पाण्याने पुसा. ही पायरी गाळली तर पुढची फुकट जाते, कारण राहिलेली घाण क्लोरिन खाऊन टाकते आणि विषाणूसाठी काही उरत नाही.
४. ब्लीचचं द्रावण ओलं दिसेल इतकं लावा, किमान पाच मिनिटं ओलंच राहू द्या, मग पाण्याने पुसून घ्या. फवारू नका.
५. हातमोजे उलटे करत काढा, पिशवीला गाठ मारा, साबणाने हात धुवा.

द्रावणाचं माप बाटलीवरच्या टक्क्यांवर ठरतं. सोडियम हायपोक्लोराइट ५ टक्के असेल तर २० मिलिलिटर ब्लीच घेऊन एकूण एक लिटर होईल इतकं पाणी घालायचं. हे सुमारे १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग), कड्या, नळ, खेळण्यांसाठी. प्रत्यक्ष उलटी-शौच पडलेल्या जागी १०० मिलिलिटर घेऊन एक लिटर, म्हणजे सुमारे ५००० पीपीएम. द्रावण त्या दिवसापुरतंच करायचं. टॉयलेट साफ करायच्या आम्लाच्या बाटलीशी ते कधीही एकत्र येऊ द्यायचं नाही, विषारी क्लोरिन वायू सुटतो. अमोनिया असलेल्या क्लीनरशीही नाही. रंगीत कपड्यांचा रंग जातो, धातूवर राहिलं तर गंजतं.

मळलेले कपडे झटकायचे नाहीत. घट्ट पदार्थ कागदाने काढून, वेगळ्या पिशवीतून थेट मशीनमध्ये, कापडाला चालेल तितक्या गरम पाण्यावर, सर्वांत लांब आवर्तनावर, आणि नंतर चांगले तापवून वाळवायचे. आजाऱ्यासाठी एक संडास राखून ठेवायचा. फ्लश करण्याआधी झाकण लावायचं.

पाणी देण्याचं कोष्टक आईंच्या प्रसंगामुळे आलं. उलटी झाल्यावर दहा मिनिटं थांबून चमच्याने, दर दोन-तीन मिनिटांनी. दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिलिलिटर जलसंजीवनी, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. मीठ जास्त पडणं कमी पडण्यापेक्षा वाईट. बाळाचं अंगावरचं दूध चालू ठेवायचं. सहा ते आठ तास लघवी नाही, डोळे खोल, रडताना पाणी नाही, सुस्ती, शौचात रक्त, यातलं एकही दिसलं की वाट न पाहता डॉक्टर. आईंच्या गोळीबद्दल पहिल्याच जुलाबाला डॉक्टरांना फोन करायचा. स्वतःहून बंद करायची नाही, आणि न विचारता चालूही ठेवायची नाही.

शाळेचा संदेश ज्याच्या फोनवर येईल त्याने दहा मिनिटांत दुसऱ्याला पुढे पाठवायचा. आजाऱ्यापाशी एकजण, बाळ आणि स्वयंपाक दुसऱ्याकडे. अदलाबदल दिवसातून एकदाच. आणि आठवणीसाठी बायकोला दोनच शब्द मोकळे: "कागद बघ."

सुट्टीचा मुद्दा सर्वांत शेवटी आला आणि सर्वांत जास्त वेळ त्यावरच गेला. ४८ तास पाळायचे म्हणजे कुणीतरी घरी बसायचं. आजवर बहुतेक वेळा बायको बसत होती, आणि नवऱ्याची शाळेबाबतची घाई बरीचशी त्यातूनच आली होती: ती बसू शकली नाही तेव्हा त्याच्याकडे दुसरी वाटच नव्हती. पाळीपाळीने बसायचं ठरलं. कागदावर खाली दोन रकाने आखले.

साडेतीन महिन्यांनी

मुलीला पुन्हा उलट्या झाल्या. संदेश पाच मिनिटांत पोचला. टॉवेल वापरला नाही, बादली निघाली. पण नवऱ्याने चादर काढताना जोरात झटकली, आणि ब्लीचची बाटली पूर्वीची, कित्येक महिने उघडी, तीही न्हाणीघरातल्या उन्हाच्या कट्ट्यावरून उचललेली. उजेडात आणि उष्णतेत क्लोरिन उडत राहतं. माप अचूक घेऊनही द्रावण किती कसाचं होतं कोण जाणे. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहायची आणि ती अंधाऱ्या थंड कपाटात ठेवायची, ही ओळ कागदावर तेव्हा वाढली.

या वेळी मुलीनंतर फक्त बायको आजारी पडली. आई आणि बाळ सुटले. नियमांमुळे सुटले की योगायोगाने, हे एका फेरीवरून सांगता येत नाही, आणि दोघांनीही तसा दावा केला नाही. "कागद बघ" पहिल्या दिवशी नऊ वेळा म्हणावं लागलं, तिसऱ्या दिवशी तीन वेळा. बाळाचा चमचा उचलण्याआधी हात धुणं मात्र अजून सांगितल्याशिवाय होत नाही. त्यावर त्यांनी चमचे-बाटल्यांचा डबा साबणाच्या बेसिनशेजारी आणून ठेवला. त्याने थोडा फरक पडला.

पहिल्या दिवशी नवरा घरी राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बैठक निघाली आणि बायको आजारीच होती म्हणून "तू घरीच आहेस ना" असं होऊन मुलगी तिच्यापाशीच राहिली. तिने तो दिवस स्वतःच्या रकान्यात लिहिला. सध्या तिच्या नावापुढे पाच रेघा आहेत, त्याच्या नावापुढे दोन. आजारी माणसाचं घरी असणं सांभाळण्यात धरायचं की नाही, हे अजून ठरायचं आहे.